दिवेकरचा पुठ्ठा

दिवेकर लॅपटॉप आधी हुंगायचा. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगत असायचं, त्याकडे त्याचं लक्ष नसायचं. यंत्र दोन्ही हातांनी उचलायचं, जाळीकडची कड नाकाशी धरायची, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि मग समोरच्या माणसाकडे असं बघायचं, की त्याला वाटावं आपण आज आंघोळ केली नाही की काय. "सुकट," तो म्हणायचा. नाहीतर "उदबत्ती." नाहीतर "विडी, आणि घरी माहीत नाही." बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

मी त्याला तोंडावर अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे अरे-तुरे. आता हे सगळं पाठीमागेच लिहितोय, तेव्हा अरे-तुरेच बरं.

श्रीवर्धनच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान. एक फळ्यांची भिंत, आणि पलीकडे दिवेकर. त्याची जागा एवढीशी, की तो आत बसला की गिऱ्हाइकानं रस्त्यावरच उभं राहायचं. त्यामुळे त्याच्याकडे जे काही घडायचं ते रस्त्यावर घडायचं, चार माणसांदेखत. त्याला हे फार सोयीचं होतं. मुंबईत कुठल्याशा मोठ्या ऑफिसात वीस-बावीस वर्षं त्यानं कॉम्प्युटर सांभाळले होते. तिथून परत का आला हे कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाला, "तापणारी वस्तू मी दुकानात ठेवतो. घरात कशाला?"

मला तो नावानं कधीच हाक मारत नसे. "ए झेरॉक्स, स्पिरिट संपलंय, आणून ठेव." आणि मी आणून ठेवायचो.

पण हात! त्याच्या हाताबद्दल वाईट बोललो तर जीभ झडेल माझी. त्याचं म्हणणं होतं, की लॅपटॉप आपला आपण मरत नाही, माणसं त्याला गुदमरवून मारतात. "दुकानदार सांगतो, जुना झाला, नवा घ्या. अरे, हा काय जुना झालाय? याचं नाक चोंदलंय. आणि डोक्यात अजून ती जुनी हार्डडिस्क गरगरतेय. नाक मोकळं करा, डोकं बदला, तुमच्या पोराच्या नव्याला मागं टाकेल." ऑफिसांतून निघालेले काळे, जाड, जडशीळ लॅपटॉप त्याचे विशेष लाडके. कंपन्या चार वर्षं वापरून ते गठ्ठ्यानं विकून टाकतात आणि मग ते कुणाच्या मुलामार्फत, कुणाच्या भाच्यामार्फत आमच्याकडे किनाऱ्यावर येतात. "ही नोकरीतली जात आहे," तो म्हणायचा. "दिवसाचे दहा तास राबलेली. घरगुतीसारखी नाजूक नाही."

असा एखादा समोर आला की दिवेकर बोलायचा थांबायचा. तळाचे स्क्रू काढून ओळीनं मांडायचा. पंखा बाहेर काढून ब्रशनं झाडायचा. आमच्या खाऱ्या हवेनं आतल्या तांब्याच्या नळीवर हिरवा थर धरलेला असायचा, तो हळूहळू पुसायचा. चिपवरची जुनी पेस्ट वाळून चुन्याच्या पापडीसारखी झालेली असायची, ती खरवडून स्पिरिटनं साफ करायचा आणि नवी लावायचा, मसुराएवढी. "जास्त लावलीस तर गोधडी होते, झेरॉक्स. थंड करायला लावतोस की ऊब द्यायला?" मग हार्डडिस्क काढून एसएसडी, रॅम चारची सोळा. शेवटी त्याची स्वतःची युक्ती. आमची रोठा सुपारी मधोमध कापून चार अर्धुकं तळाला चार कोपऱ्यांत चिकटवायची, म्हणजे लॅपटॉप टेबलापासून बोटभर उचलला जातो आणि खालून वारा खेळतो. बाजारात यासाठी पंख्याचे स्टँड मिळतात. श्रीवर्धनात राहून ते विकत घेणाऱ्याला दिवेकर सरळ गाढव म्हणायचा. सगळं झालं की चालू करून जाळीपाशी तळहात धरायचा. गरम हवा झरझर बाहेर यायला लागली की हसायचा. दिवसातून तेवढाच.

एवढ्यावर थांबला असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

त्याच्या मागच्या भिंतीला एक पुठ्ठा होता, फ्रीजच्या खोक्याचा, पुरुषभर उंच. लोकांच्या पंख्यांतून जे निघे ते दिवेकर चिमट्यानं उचलून त्या पुठ्ठ्यावर सेलोटेपनं चिकटवायचा आणि खाली पेनानं गिऱ्हाइकाचं नाव आणि महिना लिहायचा. सुपारीचे व्यापारी शेटे, त्यांच्या नावाखाली कुंकवानं लाल झालेला धुळीचा गोळा आणि एक अख्खा तांदूळ. शेट्यांनी दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली होती. हळद-कुंकू, अक्षता, फूल, सगळं कीबोर्डवर आणि जाळीवर, आणि यंत्र चालू ठेवून, म्हणजे देवाला कळावं. पंख्यानं सगळा प्रसाद आत ओढून घेतला. "शेटे," दिवेकर रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई-वडिलांच्या नाकात नाही ना हो घालत कुंकू पाया पडताना?" शेटे त्यानंतर दोन महिने आमच्या रस्त्यानं आले नाहीत. मग आले ते दुसऱ्यांची फजिती बघायला, आणि रोज येऊ लागले.

जीवना बंदरावरच्या एका होडीवाल्यानं तर कमाल केली होती. लॅपटॉप तापतो म्हणून त्यानं तो मासळीच्या बर्फाच्या पेटीवर ठेवून हिशेब केले. आतून पाणी सुटलं. दिवेकरनं ते बाटलीच्या झाकणात गोळा केलं आणि म्हणाला, "पापलेट समजलास काय रे याला?" पाणी वाळून गेलं, पण मीठ बसलेलं ते झाकण पुठ्ठ्यावर राहिलं.

येणारा-जाणारा त्या पुठ्ठ्यापुढे थांबायचा. वर्तमानपत्रात मेलेल्यांची नावं वाचतात तसं वाचायचा आणि आपलं नाव नाही म्हणून समाधानानं पुढे जायचा.

माझं होतं. माझा लॅपटॉप उघडल्यावर दिवेकरनं त्यातून शेंगदाण्यांची सालं काढली, शेवेचे तुकडे काढले, आणि भोवती पाच-सहा जण असताना शांतपणे म्हणाला, "झेरॉक्स, तू रोज याच्यासमोर जेवतोस. ताट नसतं, पुडी असते. बायको माहेरी जाऊन किती महिने झाले?" तीन झाले होते. बाळंतपणाला गेली आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो. ती बाळंतपणाला गेली नव्हती आणि परत येणार नव्हती. त्या संध्याकाळपर्यंत हे आख्ख्या बाजाराला कळलं. माझी सालं पुठ्ठ्यावर लागली. माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करून टाकतो. मला एकदा सोलून झाल्यावर, दुसऱ्याला सोलताना बघायला मला मजा येऊ लागली. दिवेकरनं चिमटा हातात घेतला की मी मशीन बंद करून बाहेर येत असे.

गुरुजी आले तेव्हाही तसाच बाहेर आलो.

गुरुजी म्हणजे बौद्धवाडीतले निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको वारलेली, मुलगा पनवेलला. मुलाच्या ऑफिसातला जुना काळा लॅपटॉप त्यांच्याकडे आला होता. तो दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले.

"दिवेकर, वीस मिनिटं चालतो आणि बंद पडतो. शिकवण्याचे व्हिडिओ बघायचे असतात त्यावर. फेब्रुवारीत परीक्षा आहे."

"कुणाची? तुमची?"

"नाही हो. आहेत एकजणी. बारावी झाली तर पुढची जागा मिळेल त्यांना. लोक हसतील म्हणून नाव सांगू नका म्हणाल्यात."

मला नाव माहीत होतं. बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्याच दुकानात भरला होता. सुमन, अंगणवाडीतली मदतनीस. नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलेलं, ही भावाकडे राहायची. वय चाळिशीला टेकलेलं. झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायची-पोचवायची. अंगणवाडीतल्या सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. मदतनिसाची बारावी झाली असली तर ती जागा तिला मिळू शकत होती. म्हणून रोज दुपारी अंगणवाडी सुटली की ती गुरुजींच्या ओटीवर बसून अभ्यास करायची. ती कुणबीवाडीतली, ते बौद्धवाडीतले. एवढं सांगितलं की आमच्याकडे बाकीचं सांगावं लागत नाही.

दिवेकरनं लॅपटॉप हुंगला. या वेळी काहीच बोलला नाही. तळ उघडला, पंखा काढला आणि चिमट्यानं त्याच्या पात्यांतून एक केस ओढायला लागला. ओढतच राहिला. मग तो उजेडाकडे ताणून धरला.

"दीड हात," तो म्हणाला. "मेंदी लावलेला. मुळाशी पांढरा. खोबरेल तेल."

मग त्यानं केसाकडे बघितलं, गुरुजींच्या टकलाकडे बघितलं आणि परत केसाकडे बघितलं. गर्दी फुटली हसून. शेटे पुढे झाले. "मेंदी म्हणजे ती अंगणवाडीतली सुमन की! रोज दुपारी पिशवी घेऊन जाते हो वाडीत, मी बघतो ना."

"त्या शिकायला येतात," गुरुजी म्हणाले.

खरं तेच होतं, आणि त्यालाच लोक सगळ्यात जास्त हसले. मी तिथंच होतो. फॉर्म माझ्याकडे होता. "अहो, खरंच परीक्षा आहे तिची, मी भरलाय फॉर्म," एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी तोंडावर हात धरून हसत होतो.

केस पुठ्ठ्यावर लागला. खाली दिवेकरनं लिहिलं, 'गुरुजी. जानेवारी. शिकवणी.'

काम मात्र त्यानं असं केलं, की तसं मी पुन्हा बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत तो बुढ्ढा लॅपटॉप पाण्यासारखा चालू लागला. तळाला सुपाऱ्या एका उंचीच्या मिळेनात तर कानशीनं घासून सारख्या केल्या. गुरुजी घ्यायला आले, दोन तास चालवून बघितला, आवाज नाही की चटका नाही. "फार उपकार झाले," ते म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून म्हणायचं होतं.

चार दिवसांनी सुमन आली. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. तेवढी वेळ बघूनच आली असणार.

"दिवेकरकाका, तेवढा केस काढा."

"कुठला?"

"त्यो. माझा हाय."

"तुझा कशावरून? नाव कुठं आहे तुझं?"

"काका, माझा भाऊ रोज हितनंच टेम्पो काढतो. काल घरात बोलला मला. दीड म्हैना ऱ्हायलाय परीक्षेला. येवढा काढा, पाया पडते तुमच्या."

दिवेकर पंखा पुसत होता. "तोंडी कामं होत नाहीत इथं. लेखी अर्ज दे. बारावीला बसतेस ना? मग येत असेल अर्ज."

ती माझ्याकडे आली. "भाऊ, कागद द्या एक." मी दिला. पेनही दिलं. माझ्या काउंटरवर वाकून तिनं अर्ज लिहिला. अभ्यासात होता तसा, वर तारीख, मग 'प्रति', मग 'विषय'. 'महोदय, आपल्या दुकानातील पुठ्ठ्यावर लावलेला केस माझा आहे. मी अभ्यासासाठी गुरुजींकडे जाते. तरी तो काढून टाकावा ही नम्र विनंती.' खाली नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सही करताना जीभ दातांत धरली होती.

दिवेकरनं अर्ज सावकाश वाचला. "अक्षर छान आहे," म्हणाला. मग सेलोटेपचे दोन तुकडे तोडले आणि अर्ज केसाच्या खाली चिकटवला.

"आता नाव आलं," तो म्हणाला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. थोडा वेळ आपल्याच अर्जाकडे बघत उभी राहिली, मग हातात पेन राहिलंय हे तिच्या लक्षात आलं. "भाऊ, पेन," म्हणून ते माझ्या काउंटरवर ठेवलं आणि गेली.

रोज दोन ते चार दिवेकर जेवायला आणि झोपायला घरी जायचा आणि किल्ली माझ्याकडे ठेवायचा. म्हणजे त्या पुठ्ठ्याची किल्ली रोज दोन तास माझ्या खिशात असायची. कुलूप उघडायचं, एक केस आणि एक कागद ओढून काढायचा, कुलूप लावायचं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. माणसं तिच्या अर्जापुढे थांबत होती तोवर माझ्या सालांकडे कुणी बघत नव्हतं. कारण तेच होतं.

आठवड्याच्या आत भावानं अर्ज वाचला. टेम्पो चालू ठेवूनच उतरला, वाचून परत चढला. घरी जाऊन त्यानं सुमनची पुस्तकं आंघोळीच्या बंबात घातली. तिचं बौद्धवाडीत जाणं बंद झालं. गुरुजी एकदा लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. अंगणातूनच परत आले. बारावीचं हॉल तिकीट त्यांनी माझ्याकडे प्रिंट करायला दिलं. "तुमच्या दुकानावरून जातात त्या, द्याल का?" मी हो म्हणालो.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी कॉलेजकडे पोरांची रांग लागली होती, आणि सुमन उलट्या दिशेनं खिचडीचं पातेलं कमरेवर घेऊन चालली होती. मी हाक मारली. म्हटलं, "तुझं हॉल तिकीट आहे माझ्याकडे. अजून वेळ आहे."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "मागनं कोरा हाय ना कागद? कामाला यील तुमच्या."

मे महिन्यात मुलगा गुरुजींना पनवेलला घेऊन गेला. एसटीत चढण्याआधी ते मुद्दाम दिवेकरला भेटायला आले, खांद्याला लॅपटॉपची बॅग. "अजिबात तापत नाही हं आता," म्हणाले. "तापणारच नाही!" दिवेकर खूश होऊन म्हणाला. गाडी गेल्यावर मला म्हणाला, "बघ, जाताना सांगून गेला. काम असं पाहिजे." त्यानं यातून तेवढंच घेतलं. वर्षाच्या आत गुरुजी वारल्याचं कळलं. तेव्हाही दिवेकरनं पहिल्यांदा विचारलं, "लॅपटॉप कुणाकडे आहे रे?"

पुढच्या वर्षी दिवेकरला झटका आला. दुकानातच, हातात कुणाचा तरी पंखा असताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाजार हळहळला, थोडा. दुकान रिकामं करायला पुतण्या आला. त्यानं सगळं सामान टेम्पोत घालून दिवेकरच्या घरी नेऊन टाकलं, त्यात तो पुठ्ठाही गेला. आता तो पडवीत भिंतीला टेकवलेला असतो आणि समोर खुर्चीत दिवेकर असतो. एक बाई सकाळ-संध्याकाळ भरवून जाते. मी रविवारी जातो. त्याला माझी दया येत नव्हती, मला त्याची येते का ते नक्की सांगता येत नाही. पण जातो.

गेल्या रविवारी मी तिथं असताना अंगणवाडीचा सर्व्हे आला. नव्या सेविकाबाई म्हसळ्याच्या, चोवीस-पंचवीस वर्षांची हसरी मुलगी. तिच्या मागं रजिस्टर काखेत धरून, छत्री घेऊन सुमन. केसांना मेंदी नव्हती, सगळे पांढरे.

"एवढा तापतो ना हा मोबाईल, मध्येच बंद पडतो," बाई मला म्हणाल्या. सुमननं छत्री मोबाईलवर धरली.

बाईंचं लक्ष पुठ्ठ्याकडे गेलं. "अय्या, हे काय?" त्या वाकून वाचायला लागल्या. टेप पिवळी पडलीय, पण शाई अजून दिसते. "महोदय, आपल्या दुकानातील पुठ्ठ्यावर..." अर्धवट मोठ्यानं वाचत त्या सहीपर्यंत आल्या. मग त्यांनी सुमनकडे बघितलं.

"तुमचं फुडचं इचारा, बाई," सुमन म्हणाली.

दिवेकर तिच्याकडे बघत होता. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. झटका आल्यापासून ते सारखंच गळतं. त्याचा अर्थ काढायला मी काही दिवेकर नव्हे.

बाईंनी घाईघाईनं मोबाईल वर केला. "आजोबा, घरात माणसं किती?"

दिवेकरचं तोंड वाकडं हललं. आतून नुसता घशाचा आवाज आला. त्यानं डावा हात उचलला, तो पुठ्ठ्याच्या दिशेनं थोडा गेला आणि मांडीवर पडला. बाई थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"एक," सुमन म्हणाली. "एकच लिवा."

बाईंनी लिहिलं. मग सुमननं छत्री बाईंच्या डोक्यावर नीट धरली आणि त्या दोघी पुढच्या घरी गेल्या.